'आवक जास्त, जावक कमी' : लठ्ठपणाच्या वादाची पार्श्वभूमी

माणूस जाड होतो तो खर्चापेक्षा जास्त खाल्ल्याने, की शरीर मेद साठवू लागल्याने, असा हा वाद. जुलै २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दैनिकाच्या रविवार पुरवणीच्या मुखपृष्ठावर मांसाचा जाड तुकडा होता आणि त्यावर लोण्याचा गोळा. आतल्या लेखाचा सवाल असा की, 'मेद कमी खा' या सल्ल्यानेच तर अमेरिका जाड झाली नाही ना? लेखक डॉक्टर नव्हता, आहारतज्ज्ञही नव्हता. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकलेला हा विज्ञान-पत्रकार १९८९ च्या शीत संलयनाच्या (साध्या तापमानाला अणुकेंद्रं जुळवून ऊर्जा मिळवल्याच्या) दाव्याची चिरफाड करणाऱ्या पुस्तकामुळे माहीत होता. प्रयोग कुठे कच्चा राहतो हे हुडकायची त्याला सवय होती. ती सवय घेऊन तो आधी मिठाविषयीच्या (१९९८) आणि मग मेदाविषयीच्या (२००१) आहारसल्ल्याकडे वळला.

पिष्ट आणि साखर सोडून वजन उतरवायची कल्पना मात्र त्याची नव्हे. लंडनमधल्या एका अंत्यविधी व्यावसायिकाने १८६३ मध्येच स्वतःच्या अनुभवावर तशी पुस्तिका काढली होती. शतकभराने हृदयविकाराच्या भीतीने मेद आरोपीच्या पिंजऱ्यात गेला. १९७७ मध्ये अमेरिकी सिनेटच्या एका समितीने उद्दिष्ट ठरवलं: मेदातून येणारे उष्मांक ३० टक्क्यांवर आणायचे, कर्बोदकांचे, म्हणजे पिष्ट-साखरेचे, वाढवायचे. पुरावा अपुरा आहे, असं तेव्हाही काही शास्त्रज्ञ सांगत होते. पण शिफारस झाली आणि १९८० पासून ती सरकारी मार्गदर्शिकेतही आली. तेव्हा अमेरिकेत साधारण १५ टक्के प्रौढ लठ्ठ होते. शतक संपताना ३० टक्के. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं होत नाही, हे पत्रकाराच्या वाचकांनी बऱ्याचदा सोयीने विसरलं.

खरी गुंतागुंत आहे ती 'ऊर्जासंतुलन', म्हणजे खाल्लेल्या आणि खर्चलेल्या उष्मांकांचा मेळ, या शब्दात. धरणाची पातळी वाढली, कारण आवक जास्त आणि विसर्ग कमी. विधान शंभर टक्के खरं, आणि कारण म्हणून निरुपयोगी. पाऊस जास्त झाला की कुणी दरवाजे बंद केले, हे त्यातून कळत नाही. पत्रकाराचा आक्षेप नेमका इथे होता. माणूस जास्त खातो म्हणून जाड होतो, की शरीर मेद साठवू लागलं म्हणून त्याला जास्त भूक लागते? ऊष्मागतिकीचा नियम (ऊर्जा नाहीशी होत नाही, नव्याने निर्माणही होत नाही) दोन्ही बाजूंनी तसाच लागू पडतो. तो कार्यकारणाची दिशा सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जर्मनी-ऑस्ट्रियातल्या काही वैद्यांनी लठ्ठपणाला मेद साठवण्यातला बिघाड म्हटलं होतं. युद्धानंतर तो विचार मागे पडला. पत्रकाराने तो पुन्हा वर काढला आणि दरवाज्यावरचा पहारेकरी म्हणून इन्शुलिन या रक्तातली साखर आवरणाऱ्या संप्रेरकाकडे बोट दाखवलं. कर्बोदकं खाल्ली की इन्शुलिन वाढतं, आणि इन्शुलिन वाढलेलं असताना चरबीच्या पेशी मेद सोडत नाहीत. २००७ च्या जाडजूड पुस्तकात हाच धागा आहे. 'खादाड आणि आळशी' हा शिक्का पुसायचं काम त्याने केलं, आणि माझ्या मते ते श्रेय त्याला पुरेसं मिळालेलं नाही.

उलट बाजूही आहे. २००२ च्या लेखात ज्यांचे दाखले होते, त्यांतल्या काहींनी आपलं म्हणणं वाकवल्याची तक्रार केली. आणि चूक शोधणारा माणूस २०१२ मध्ये स्वतःच परीक्षार्थी झाला: एका देणगीदार प्रतिष्ठानाच्या पैशावर त्याने असे प्रश्न प्रयोगांनी तपासणारी संशोधन-संस्था काढण्यात पुढाकार घेतला.

त्या संस्थेच्या पैशावर १७ जाड पुरुष आठ आठवडे देखरेखीखाली चयापचय कक्षांत राहिले. प्रत्येक घास मोजलेला. दर आठवड्याचे दोन दिवस बंद खोलीत, श्वासावरून खर्च झालेली ऊर्जा मोजण्यासाठी. पहिले चार आठवडे भरपूर कर्बोदकांचा आहार, पुढचे चार तितक्याच उष्मांकांचा, पण जवळजवळ कर्बोदकांविना. इन्शुलिन झपाट्याने उतरलं. चरबी मात्र उतरली नाही तशी: आधी पंधरवड्यात जेवढी, म्हणजे सुमारे अर्धा किलो, गेली होती, तेवढी जायला आता चार आठवडे लागले. ऊर्जाखर्च किंचित वाढला, तोही टिकला नाही. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले. आहारांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला नव्हता आणि पहिल्या टप्प्यातच माणसं वजन घटवत होती, असं संस्थेच्या बाजूने सांगितलं गेलं. आक्षेप रास्त होते, पण निकाल हवा तसा लागला असता तर ते किती मोठ्याने मांडले गेले असते, हा प्रश्न उरतो.

२०१८ मध्ये आणखी एक प्रयोग, तोही अंशतः त्याच संस्थेच्या मदतीचा. ६०९ माणसं, बारा महिने. कमी मेदवाल्यांचं वजन सरासरी ५.३ किलो घटलं, कमी कर्बोदकवाल्यांचं ६ किलो. फरक नगण्य. सुरुवातीला कुणाचं इन्शुलिन किती स्रवतं, यावरूनही कुणाला कोणता आहार मानवेल हे सांगता आलं नाही.

वाद मिटला नाही, सरकला. २०२१ मध्ये इन्शुलिनवाल्यांनी आपली मांडणी एका शोधपत्रिकेत केली; सहलेखकांत तो पत्रकारही होता. पुढच्याच वर्षी विरोधकांनी त्याच पत्रिकेत उत्तर दिलं: ऊर्जासंतुलन म्हणजे नुसता जमाखर्च असं आम्ही म्हणतच नाही, भुकेची सूत्रं आपल्या नकळत मेंदू हलवतो. म्हणजे दरवाज्यावर कुणीतरी आहे, हे आता दोघांनाही मान्य आहे.