कॅन्सरचा थकवा, सजगता आणि रुग्णाची श्रद्धा : पार्श्वभूमी

केमो किंवा रेडिएशनचा थकवा रात्रभर झोपूनही उतरत नाही. तरीही बरीच वर्षं डॉक्टरांचं लक्ष वेदना आणि उलट्यांवरच राहिलं. थकवा मोजायच्या प्रश्नावल्या १९९०च्या दशकात आल्या.

श्वासाकडे आणि शरीराकडे लक्ष देण्याची साधना, म्हणजेच सजगता, त्याआधीच मुंबईत पोहोचली होती. सत्यनारायण गोएंका यांनी ब्रह्मदेशातून येऊन १९६९ साली भारतातलं पहिलं विपश्यना शिबिर मुंबईतच घेतलं. तिकडे अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये बौद्ध ध्यान आणि हठयोगातून आठ आठवड्यांचा कार्यक्रम बांधला. रुग्णालयात चालावा म्हणून त्यातला धर्म वगळला. कॅनडातल्या कॅलगरीत तो कॅन्सर रुग्णांसाठी बेतला गेला आणि २००० मध्ये त्याची चाचणी प्रसिद्ध झाली. २०२४च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत थकव्यासाठी व्यायामाबरोबर सजगतेचीही शिफारस आहे.

वगळलेली श्रद्धा परत आणण्याची वाट अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी १९८०च्या दशकात दाखवली होती : ध्यानात पुन्हा पुन्हा म्हणायचा शब्द रुग्णाने स्वतःच्या धर्मातला निवडावा. २००१ मध्ये इटलीत निरोगी माणसांवर झालेल्या अभ्यासात रोझरीची (कॅथलिक जपमाळेची) प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हूं' हा बौद्ध मंत्र या दोन्हींनी श्वास संथ होऊन मिनिटाला सुमारे ६ वर आला. माळ ओढत विठ्ठलनाम घेणाऱ्या आजींना म्हणून परकं काही शिकवावं लागत नाही. त्यांचं रोजचं नामस्मरणच थोडं संथ करायचं असतं. तसबीह, रोझरी, नवकार मंत्र यांनाही तेच लागू. समुपदेशकाने आपला देव रुग्णावर लादला, तर मात्र सगळंच फसतं.

आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप, वेदना आणि औषधं तपासून घ्यावीत. रक्त कमी असेल तर जपाने ते भरून निघत नाही. मग जपाला दिवसातून दोनदा १० मिनिटं पुरे. पाठीला उशी हवी. मांडीचा हट्ट नको, केमोने पाय बधिर झालेले असू शकतात. श्वास सोडताना नाम घ्यावं, मन भरकटलं की पुन्हा नामावर यावं. डोळा लागला तर लागू द्यावा. धाप लागणाऱ्याने श्वास न्याहाळला तर घाबरायला होतं, मळमळणाऱ्याने पोटाकडे लक्ष दिलं तर उलटी येते. अशा वेळी लक्ष मण्यांच्या स्पर्शावर ठेवावं. कॅन्सर रुग्ण उतरतात त्या दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या गजबजलेल्या जागी डोळे मिटण्यापेक्षा हे सोपंही जातं.

दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्या लागतात. उपास चालू आहे का? केमोच्या दिवसांत उपासाने अशक्तपणा वाढतो. आणि 'हे माझ्याच पापाचं फळ' असं मनात आहे का? असेल तर जपाची सक्ती थांबवून आधी त्यावर बोलावं, कारण त्या अवस्थेत प्रत्येक चुकलेला जप रुग्णाला नवा अपराध वाटतो.