औद्योगिक जलसंवर्धन

उत्पादनाचे प्रमाण आणि दर्जा कायम ठेवून कारखान्याला लागणारे ताजे पाणी कमी करणे, वापरलेले पाणी त्याच्या प्रतीनुसार पुन्हा कामी आणणे आणि बाहेर पडणारे सांडपाणी घटवणे, या सर्व प्रयत्नांना मिळून औद्योगिक जलसंवर्धन म्हणतात. नद्या, तलाव आणि भूजल यांतून जगभर उचलल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के शेतीला, तर वीजनिर्मिती धरून जवळपास पाचवा हिस्सा उद्योगांना जातो. शीतपेये किंवा औषधी द्रावणे यांसारखे अपवाद सोडले, तर कारखान्यातले बहुतेक पाणी उत्पादनात उतरतच नाही. ते उष्णता वाहून नेते, मळ वाहून नेते किंवा तंतू आणि रंग पसरवण्याचे माध्यम होते, आणि काम संपले की बाहेर पडते. त्यामुळे पाणीबचतीचा विचार प्रत्येक नळाशी थांबून, येथे पाणी नेमके कोणते काम करते, हे विचारण्यापासून सुरू होतो.

पाण्याची उचल, म्हणजे स्रोतातून घेतलेले पाणी, आणि पाण्याचा व्यय, म्हणजे त्यातले स्रोताकडे परत न जाणारे पाणी, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. नदीतून घेतलेले पाणी एकदाच यंत्रांतून फिरवून पुन्हा नदीत सोडणारा कारखाना उचल प्रचंड करतो, पण व्यय थोडा. तेच पाणी शीतन मनोऱ्यातून, म्हणजे गरम पाणी थंड करणाऱ्या उंच बांधकामातून, फिरवत ठेवणाऱ्या कारखान्याची उचल फार कमी असते, मात्र उचललेल्या पाण्याचा मोठा भाग वाफ होऊन हवेत जातो. पहिल्या पद्धतीत नदीला गरम पाणी मिळते आणि जलचरांना त्रास होतो, दुसरीत प्रवाहाच्या खालच्या बाजूला तेवढे पाणी कमी पोहोचते. बचतीचे आकडे मांडताना यांपैकी कोणता आकडा मांडला आहे, हे सांगितले नाही तर तुलना फसवी ठरते.

कामाची सुरुवात मोजणीने होते. फाटकावरचा एकच मीटर महिन्याचे बिल सांगतो, पण पाणी कुठे जाते ते सांगत नाही. त्यासाठी प्रत्येक विभागाला स्वतंत्र मीटर लावून आत येणारे, बाहेर जाणारे आणि वाफ होणारे पाणी यांचा ताळेबंद जुळवावा लागतो. न जुळणारा फरक बहुधा गळतीचा असतो. यंत्रे बंद असताना मीटरचा काटा फिरत आहे का, ही सर्वांत साधी आणि खात्रीची चाचणी आहे. मिनिटाला १ लिटर एवढी बारीक गळती दिवसाला १,४४० लिटर आणि वर्षाला सुमारे ५२५ घनमीटर पाणी घालवते.

अनेक कारखान्यांत सर्वाधिक पाणी शीतनासाठी लागते. शीतन मनोऱ्यात गरम पाणी वरून सोडतात आणि त्याचा थोडा भाग वाफ होऊन उरलेल्या पाण्यातील उष्णता घेऊन जातो. तासाला १,००० घनमीटर पाणी फिरवून ते १०° से. ने थंड करायचे असेल, तर सुमारे १६ घनमीटर पाणी वाफ होते. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, म्हणून मागे राहिलेले पाणी अधिकाधिक खारट होते. क्षारांचे थर नळ्यांत साचू नयेत यासाठी त्यातले काही पाणी काढून टाकतात, याला ब्लोडाउन म्हणतात. फिरत्या पाण्यातील क्षार भरणीच्या, म्हणजे घट भरून काढण्यासाठी घातलेल्या ताज्या पाण्यातील क्षारांच्या किती पट होऊ द्यायचे, यावर सगळी बचत अवलंबून असते. वरच्याच उदाहरणात ही पट २ असेल, तर तासाला ३२ घनमीटर ताजे पाणी भरावे लागते. ४ केली की सुमारे २१, ६ केली की सुमारे १९ आणि १० केली तरी जवळपास १८ घनमीटर लागतेच. पट २ वरून ४ वर नेताना मिळणारा लाभ मोठा आणि सोपा असतो, तर ६ च्या पुढे जाण्याचा हट्ट महागडी रसायने मागतो आणि हाती फारसे देत नाही. विद्युत्‌वाहकता (क्षार वाढले की ती वाढते) मोजून आपोआप उघडणारी झडप बसवली, तर गरजेपेक्षा जास्त पाणी काढून टाकले जात नाही. हवेने थंड करणारी संयंत्रे पाणी जवळजवळ पूर्ण वाचवतात, परंतु त्यांना जागा आणि वीज अधिक लागते आणि उन्हाळ्यात त्यांची कार्यक्षमता घटते.

बॉयलरच्या बाबतीत थंड होऊन पुन्हा पाणी झालेली वाफ, म्हणजे कंडेन्सेट, परत आणणे हा निर्विवाद उपाय आहे. हे पाणी शुद्धही असते आणि गरमही. बॉयलरला जाणारे पाणी दर ६° से. अधिक गरम असले, की इंधन सुमारे १ टक्का वाचते.

धुण्याच्या कामात मात्र सर्वांत मोठी उधळपट्टी होते आणि तिथेच सर्वांत स्वस्त उपाय उपलब्ध असतात. इलेक्ट्रोप्लेटिंगच्या कारखान्यात मुलामा चढलेल्या भागांची जाळी टाकीतून वर उचलली की तिच्यावरून आधी धार वाहते, मग थेंब पडू लागतात आणि काही वेळाने थेंबांमधले अंतर वाढत जाते. घाईत जाळी धार चालू असतानाच पुढे नेली, तर महागडे आणि अनेकदा विषारी द्रावण धुण्याच्या टाकीत जाते आणि ते सौम्य करण्यासाठी पाणी सोडत राहावे लागते. जाळी थोडी तिरकी धरून काही सेकंद टाकीवरच थांबवली, तर धातू, पाणी आणि सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचा खर्च या तिन्हींची बचत होते. दुसरा उपाय उलट्या क्रमाने धुण्याचा आहे. त्यात माल एका टाकीतून पुढच्या टाकीत जातो आणि पाणी शेवटच्या टाकीत शिरून मालाच्या विरुद्ध दिशेने मागे वाहते, म्हणजे सर्वांत स्वच्छ पाणी सर्वांत स्वच्छ मालाला मिळते. जाळीबरोबर तासाला १ लिटर द्रावण येत असेल आणि ते हजारपट सौम्य करायचे असेल, तर एकाच टाकीत तासाला १,००० लिटर पाणी लागते; दोन टाक्यांत सुमारे ३२ लिटर आणि तीन टाक्यांत केवळ १० लिटर पुरते. दोन जादा टाक्या आणि त्यांना जोडणारा पाइप एवढ्यावर होणारी ही बचत अजूनही कित्येक ठिकाणी केली जात नाही, याची खंत वाटते.

हेच तत्त्व इतरत्रही लागू पडते. अन्नप्रक्रिया उद्योगात टाक्या आणि नळ्या धुताना शेवटच्या फेरीचे पाणी साठवून पुढच्या वेळी पहिल्या फेरीला वापरतात. रंगाई करताना कापडाच्या वजनाच्या १० पट पाण्याऐवजी ५ पट पाण्यात काम करणारी यंत्रे वापरली, तर पाण्याबरोबर ते तापवण्याचे इंधन आणि रंग बसवण्यासाठी घातले जाणारे मीठही वाचते. कागद गिरणीत लगद्यातून निथळलेले तंतुमय पाणी गाळून पुन्हा लगदा पातळ करायला घेतात. सेमीकंडक्टर उद्योगात चकत्यांच्या शेवटच्या धुण्यातून निघालेले पाणी बहुधा नळाच्या पाण्यापेक्षाही शुद्ध असते, त्यामुळे ते शीतन मनोऱ्याला सहज चालते. काही उद्योगांचा तर कच्चा मालच पाणी घेऊन येतो. साय काढलेल्या दुधाची १ टन भुकटी करताना दुधातूनच सुमारे १० टन पाणी निघते, आणि त्यातले बाष्पित्रात, म्हणजे द्रव आटवणाऱ्या यंत्रात, वाफ होऊन पुन्हा थंड झालेले पाणी शुद्ध करून बॉयलरला किंवा धुण्याला वापरता येते.

कोणते पाणी कुठे पुन्हा चालेल, हे मोठ्या संयंत्रात नुसत्या अंदाजाने ठरवणे कठीण असते. १९९४ मध्ये वांग आणि स्मिथ या संशोधकांनी मांडलेल्या जल-पिंच विश्लेषणात प्रत्येक प्रक्रियेला किती मलिन पाणी चालते आणि ती पाण्यात किती मळ घालते, यांचे आलेख काढून ताज्या पाण्याची किमान गरज आधीच ठरवतात. त्यानंतर पाइपांची जोडणी त्या किमान आकड्याकडे नेणारी असावी लागते.

पुनर्वापराची खरी मर्यादा क्षारांची आहे. पाणी कितीही वेळा फिरवता येते, परंतु विरघळलेले क्षार नाहीसे होत नाहीत. रिव्हर्स ऑस्मोसिस पटलातून, म्हणजे दाबाखाली पाणी जाऊ देऊन क्षार अडवणाऱ्या पातळ पडद्यातून, ७५ टक्के शुद्ध पाणी मिळवले, तर उरलेल्या २५ टक्के पाण्यात क्षार जवळपास चौपट झालेले असतात. हे खारे पाणीही बाष्पित्रांत आटवून केवळ घन क्षार उरवण्याच्या पद्धतीला शून्य द्रव विसर्ग म्हणतात. नद्यांच्या दृष्टीने ही पद्धत मोलाची असली, तरी तिला ऊर्जा फार लागते आणि शेवटी क्षारांचा ढीग सांभाळावा लागतोच. म्हणून आत वापरच कमी करून, मीठ आणि रसायने मुळातच कमी घालून मगच या टप्प्याकडे वळणे योग्य ठरते. उधळपट्टी तशीच ठेवून दाराशी बाष्पित्र उभे करणे म्हणजे तीच चूक इंधन जाळून निस्तरणे होय. पुनर्वापरात आरोग्याचाही विचार करावा लागतो. कोमट, साचलेल्या पाण्यात फुप्फुसांचा आजार करणारे लेजिओनेला जिवाणू वाढतात आणि शीतन मनोऱ्याच्या तुषारांतून ते पसरू शकतात, त्यामुळे जंतुनाशकांचा वापर आणि नियमित तपासणी टाळता येत नाही.

एका कारखान्याच्या कुंपणाबाहेरही बचत शक्य असते. अमेरिकेत बाल्टिमोर येथील बेथलेहेम स्टील कंपनीच्या पोलाद कारखान्याने १९४२ पासून शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी वापरायला सुरुवात केली. डेन्मार्कमधील कालुंडबर्ग येथे भूजलावर ताण येऊ नये म्हणून १९६१ मध्ये तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी तिस्सो तलावातून पाणी आणले गेले, आणि पुढे त्या कारखान्याचे वापरलेले शीतनजल शेजारच्या वीजकेंद्राने घ्यायला सुरुवात केली. अशा देवाणघेवाणीत पाण्याची प्रत रोज तपासून दोन्ही बाजूंना कळवावी लागते, कारण पाणी देणाऱ्याच्या प्रक्रियेतील छोटा बदलही घेणाऱ्याच्या नळ्या गंजवू शकतो. जल-पदचिन्ह, म्हणजे एखाद्या उत्पादनाचा किंवा संस्थेचा पाण्यावर होणारा परिणाम, मोजण्यासाठी २०१४ मध्ये आयएसओ १४०४६ आणि पाण्याच्या कार्यक्षम वापराच्या व्यवस्थापनासाठी २०१९ मध्ये आयएसओ ४६००१ ही आंतरराष्ट्रीय मानके प्रसिद्ध झाली.