छातीवरचा तारा: पदक की बिल्ला?

अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकाचा म्हणून एखादा जुना फोटो समोर येतो. छातीवर पाच टोकांचा तारा दिसला की पाहणारा लगेच शौर्यपदक ठरवून मोकळा होतो. बहुतेकदा ते पदक नसतं.

घोळ जुना आहे. उत्तरेच्या बाजूने लढलेल्यांनी १८६६ साली इलिनॉयमधल्या डिकेटर इथे ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ ही माजी सैनिकांची संघटना काढली. १८९० पर्यंत तिचे सभासद चार लाखांवर गेले. तिचा बिल्ला म्हणजे ध्वजाच्या रंगांची फीत, खाली गरुड आणि त्याला लटकलेला तारा. लष्कराचं १८६२ चं शौर्यपदक, मेडल ऑफ ऑनर, हेही दुरून अगदी तसंच! शेवटी लष्करालाच माघार घ्यावी लागली: १८९६ मध्ये पदकाची फीत बदलली, १९०४ मध्ये आराखडाच बदलून त्याचं पेटंट घेतलं. खरा फरक ताऱ्याच्या मध्यात आहे. पदकावर मिनर्व्हा देवी, बिल्ल्यावर हात मिळवणारे सैनिक आणि खलाशी. फोटोत एवढं क्वचितच दिसतं. मग दाढी पिकलेली आहे का, कोट साधा नागरी आहे का, हे पाहावं; तसं असेल तर तो बहुधा माजी सैनिकाचा बिल्ला.

घोळ घालणारी दुसरी चिन्हं लॉजची, म्हणजे सभासदांपुरत्या बंधुमंडळांच्या शाखांची. ही मंडळं ग्रँड आर्मीहून जुनी. त्यांपैकी फ्रीमेसनांचं (मेसनांचं) चिन्ह, गुण्या-कंपास, मुंबईकरांना अनोळखी नाही. तिथे १८४३ पासून भारतीयांना प्रवेश देणारी लॉज होती. ऑड फेलोज या दुसऱ्या मंडळाची अमेरिकेतली शाखा १८१९ ची, बाल्टिमोरची. त्यांची खूण साखळीच्या तीन कड्या. युद्धात कैद झालो तर शत्रूकडचा एखादा ‘बंधू’ मदत करील, या आशेने काही सैनिक मेसनांची पिन लावत.

युद्धानंतर अशा मंडळांनीच लष्करी थाट उचलला. मेसनांमधल्या नाइट्स टेम्प्लरांची पिसांची टोपी आणि तलवार, नाइट्स ऑफ पिथियसची गणवेशधारी तुकडी, १८८० च्या दशकात ऑड फेलोजचीही. युद्धात सैन्याला तलवारी पुरवणारी चिकोपीची एम्स कंपनी लॉजच्या तलवारीही बनवू लागली. त्यामुळे लॉजमधला दुकानदारही फोटोत कर्नल वाटतो. मुठीच्या टोकाला शिरस्त्राण घातलेलं डोकं असेल, तर ती तलवार बहुधा लॉजचीच.

उलटी चूकही होते. चंद्रकोर, तारा, तिपानी ही १८६३ पासूनची सैन्याच्या कोअरची (मोठ्या विभागांची) चिन्हं, त्यांचा लॉजशी संबंध नाही. आणि टिनटाइपमध्ये, म्हणजे त्या काळच्या लोखंडी पत्र्यावरच्या फोटोत, प्रतिमा आरशासारखी उलटी येते, म्हणून पट्टा कुठल्या खांद्यावर आहे हे ठरवण्याआधी ती उलटवून पाहावी.