थंब का लागत नाही?

रेशनच्या ई-केवायसीची (आधारमधल्या ठशाशी बोट जुळवून ओळख पटवण्याची) मुदत जवळ आली की रावेर-यावलपासून शिरपूरपर्यंत एकच तक्रार ऐकू येते: थंब लागत नाही, म्हणजे यंत्र बोटाचा ठसा ओळखत नाही. मग कोणी बोट जिभेला लावतो, कोणी काचेवर सगळा भार टाकतो, दुकानदार सर्व्हरकडे बोट दाखवतो. सर्व्हरचा दोष कधी कधी असतोही. पण मे महिन्यात पारा ४४ अंशांपुढे गेला की काच आणि कातडी यांच्यामधली हवाच जास्त नडते.

ही यंत्रं बहुतेक प्रकाशावर चालतात. वर दिसणारी काच म्हणजे लोलकाची एक बाजू. आतला एलईडी तिच्यावर तिरका प्रकाश टाकतो. इथे दहावीतलं पूर्ण आंतरिक परावर्तन आठवा. काचेचा अपवर्तनांक साधारण १.५. पलीकडे हवा असेल, तर काचेच्या लंबाशी ४२ अंशांहून तिरका किरण बाहेर न पडता आतच परततो. पलीकडे पाणी असेल, तर ही मर्यादा ६२ अंशांवर जाते. ओलसर कातडी इथे पाण्यासारखीच वागते. किरण या दोन्हींच्या मधल्या कोनात सोडला की काम झालं. बोटाचा उंचवटा काचेला चिकटतो तिथे प्रकाश कातडीत शिरतो, कॅमेऱ्याला काळी रेघ दिसते. दोन उंचवट्यांमधल्या खाचेत हवा असते, तिथला प्रकाश परततो.

मेख 'चिकटतो' या शब्दात आहे. परतताना प्रकाश काचेबाहेर जेमतेम डोकावतो, एका मायक्रॉनपेक्षाही कमी. कोरड्या उंचवट्याचा खडबडीतपणा याहून मोठा असतो. एरवी घामाची ओल ती फट भरून काढते. वैशाखात ओलच नसते. दोन उंचवट्यांतलं अंतर सुमारे अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५०० डीपीआयच्या (इंचाला ५०० ठिपके) चित्रात दहा ठिपके. त्यातले काही पांढरे राहिले की रेघ तुटते. सॉफ्टवेअर रेघ कुठे संपते, कुठे फाटा फुटतो एवढंच जुळवतं. तुटक्या रेघांनी खोटी टोकं तयार होतात आणि जुळणी फसते.

थुंकी लावली की खाचाही भरतात आणि सगळंच काळं. जोरात दाबलं की उंचवटे पसरून तेच होतं. केळीच्या चिकाचा काळा डाग मात्र निर्दोष आहे, कारण इथे रंग नव्हे, स्पर्श मोजला जातो. वाळलेल्या चिकाचा थर खाचेत बसला असेल तर तो नडतो.

(याच रेषांवरून मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणाऱ्या महागड्या चाचण्या शाळांतून विकल्या जातात. त्यांना शास्त्रीय आधार नाही. पैसे वाचवा.)

हात साबणाने धुवा, पुसा. खोबरेल तेलाचा एक थेंब बोटाला चोळून फडक्याने पूर्ण टिपून घ्या. टोक नको, बोटाचा मधला फुगीर भाग सपाट आणि हलका टेकवा. अंगठा नाही चालला तर दुसरं बोट. काच आधी मऊ कोरड्या फडक्याने पुसा, आधीच्या माणसाचा तेलकट ठसा तिथेच असतो. यंत्रावर थेट ऊन पडू देऊ नका, कॅमेरा दिपतो.

मोबाइल त्याच बोटाने उघडतो, मग इथे का नाही? मोबाइलमध्ये ठसा हल्लीच नोंदवलेला असतो. आधारमधला दहा वर्षांपूर्वीचाही असू शकतो. सिमेंट, चुना किंवा कापूस वेचणीने रेषा झिजल्या असतील, तर त्या कामापासून महिनाभर हात लांब ठेवल्यावर त्या बऱ्याच वर येतात, कारण नक्षीचा साचा खालच्या थरात असतो. आधार केंद्रावर बायोमेट्रिक अपडेट त्यानंतरच करा, झिजल्या हाताने नको.