सजगता ध्यान

सजगता ध्यान म्हणजे या घडीला शरीरात आणि मनात जे चालले आहे ते बदलायला न जाता, चांगले-वाईट न ठरवता, पाहत राहण्याचा सराव. 'माइंडफुलनेस' हा इंग्रजी शब्दही मराठीत आता रुळला आहे. त्यामागचा मूळ पाली शब्द 'सति', म्हणजे संस्कृतातली 'स्मृती'. टी. डब्ल्यू. र्‍हिस डेव्हिड्स या ब्रिटिश पाली अभ्यासकाने १८८१ मध्ये 'सति'साठी माइंडफुलनेस हा शब्द योजला. त्या भाषांतरात आठवणीचा अर्थ मागे पडला, आणि ही उणीव लहान नाही. ध्यानात सर्वांत आधी विसर पडतो तो आपण काय करायला बसलो आहोत याचाच.

कृती साधी आहे. पाठ सरळ पण सैल ठेवून बसायचे आणि श्वास जिथे स्पष्ट जाणवतो तिथे, नाकपुड्यांच्या कडेला किंवा पोटाच्या वरखाली होण्यावर, लक्ष ठेवायचे. श्वास लांबवायचा किंवा रोखायचा नसतो, त्यामुळे याला प्राणायाम म्हणता येत नाही. दोन-चार श्वास नीट जातात. मग काल कुणीतरी बोललेले एक वाक्य आठवते. त्यावर आपण काय म्हणायला हवे होते ते सुचते, त्यावर समोरचा काय म्हणाला असता तेही सुचते, आणि मनातल्या मनात भांडण जुंपते. जबडा आवळलेला असतो, श्वास उथळ झालेला असतो, पण पत्ता नसतो. कधीतरी, पाच श्वासांनी किंवा पाच मिनिटांनी, एकदम ध्यानात येते की आपण भांडतो आहोत.

ध्यान घडते ते या क्षणी. बहुतेक नवे साधक नेमके इथेच 'मला जमत नाही' म्हणून उठतात, याची हळहळ वाटते. कारण मन भटकल्याचे ज्याला कळले त्याची सजगता तेवढ्यापुरती जागी झालेलीच असते. पुढचे काम एवढेच, की स्वतःवर न चिडता श्वासाकडे परत यायचे. एका बैठकीत असे पन्नास वेळा झाले, तर सराव पन्नास वेळा झाला. भटकलेले लक्ष पुन्हा पुन्हा मागे आणण्याची क्षमता विवेक, चारित्र्य आणि इच्छाशक्ती यांच्या मुळाशी असते, असे विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्येच लिहिले होते. मन रिकामे करणे हे या ध्यानाचे उद्दिष्ट कधीच नव्हते.

सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजगतेवरच्या बुद्धाच्या पाली उपदेशात, निरीक्षणाची चार क्षेत्रे सांगितली आहेत: काया, वेदना, चित्त आणि धम्म (इथे अर्थ, मनात येणारे विषय). यातल्या 'वेदना' शब्दापाशी मराठी वाचकाची हटकून गफलत होते. पालीत वेदना म्हणजे केवळ दुखणे नव्हे, तर सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली कोणतीही जाणीव. बसल्या जागी नाकाच्या शेंड्याला खाज सुटते तेव्हा हे उत्तम पाहता येते. हात लगेच उचलला नाही तर खाजेतले टोचणे, गरमपणा, किंचित सरकणे आणि 'आता खाजवलेच पाहिजे' हा तगादा वेगवेगळे दिसू लागतात. पुष्कळदा खाज न खाजवताच विरते. जाणीव आणि प्रतिक्रिया यांच्यात फट असते, हे एकदा नाकावर अनुभवले की पुढे रागाच्या वेळीही ती शोधता येते.

चित्ताच्या निरीक्षणात सुत्ताची भाषा लक्षणीय आहे. सराग, म्हणजे आसक्त, चित्त असेल तर ते सराग आहे असे साधक जाणतो. द्वेषयुक्त असेल तर द्वेषयुक्त आहे असे जाणतो. ते हाकलून दे, असे तिथे म्हटलेले नाही. ब्रह्मदेशातील महासी सयादव (१९०४–१९८२) यांच्या पद्धतीत अशा प्रत्येक घडामोडीची मनातल्या मनात अल्पाक्षरी नोंद घेतात: 'विचार', 'दुखणे', 'राग'. 'मी रागावलो आहे' ऐवजी 'राग आहे' एवढीच नोंद झाली, की तो निदान पाहता येण्याइतका दूर जातो.

मनाने मनाला पाहायचे कसे, हा आक्षेप जुना आहे. एकाच वेळी विचार करणारा आणि त्या विचाराला पाहणारा असे दोन भाग होणे अशक्य, असे फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्यूस्त काँत म्हणत असे. मुंडकोपनिषदात एकाच झाडावर दोन पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. वेदान्ताने या पाहणाऱ्याला नित्य साक्षी मानले. बौद्ध परंपरा असा कायमचा साक्षी मानत नाही. तिच्या मते पाहणे हीसुद्धा उठून मावळणारी एक घटना आहे. पातंजल योगाचे ध्येय चित्तवृत्तींचा निरोध, म्हणजे मनाच्या हालचाली थांबवणे, म्हणून त्याची वाट आणखी वेगळी. सराव करणाऱ्याला हा वाद आधी सोडवावा लागत नाही.

विहारांतील ही साधना गृहस्थांपर्यंत आणण्यात ब्रह्मदेशातील लेडी सयादव (१८४६–१९२३) यांचा वाटा मोठा. त्याच परंपरेतील ऊ बा खिन यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ पासून भारतात विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे घेतली. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात धार्मिक चौकटीबाहेरचा कार्यक्रम सुरू केला. पुढे तो आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम म्हणून रूढ झाला. वारंवार उलटणाऱ्या नैराश्यासाठी त्यावर आधारलेली उपचारपद्धतीही नंतर तयार झाली.

फायद्यांविषयी बोलताना हात आखडता घेतलेला बरा. ४७ चाचण्यांतील ३,५१५ जणांची माहिती तपासणाऱ्या २०१४ च्या आढाव्यात चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम प्रतीच्या पुराव्यानिशी थोडी सुधारणा दिसली. मात्र औषधे किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान सरस असल्याचे आढळले नाही. काहींना, विशेषतः मागे मोठा मानसिक आघात सोसलेल्यांना, डोळे मिटून आत पाहताना भीती किंवा जुन्या प्रसंगांचा लोंढा अनावर होऊ शकतो. अशा वेळी नेटाने बसून राहायला सांगणे चुकीचे आहे. जाणता शिक्षक डोळे उघडायला लावतो, लक्ष श्वासावरून काढून जमिनीला टेकलेल्या तळव्यांवर आणायला सांगतो, आणि गरज पडली तर ती बैठक तिथेच थांबवतो.