कोकणच्या जहाजबांधणीचा दिवस नेमका कोणता? किनाऱ्यावरच्या उत्सवांची पार्श्वभूमी

दिवाळीच्या तोंडावर कल्याणला, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मालवणला आणि श्रावणातल्या पौर्णिमेला किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांत कोकणच्या दर्यावर्दी वारशाचे कार्यक्रम होतात. मिरवणुका निघतात, होड्यांच्या शर्यती लागतात, गलबतांच्या प्रतिकृती मांडल्या जातात, व्याख्याने होतात. अलीकडे या कार्यक्रमांना सरकारी निधी आणि मोठे पाहुणेही लाभू लागले आहेत. ज्याने ही जहाजे बांधली तो सुतार मात्र या सगळ्यात शोधावा लागतो. तो मागे कसा पडला, हे समजून घ्यायचे तर तारखांचा गुंता उलगडावा लागतो.

सर्वांत जुना उत्सव नारळी पौर्णिमेचा. आज तो प्रामुख्याने मच्छीमारांचा सण म्हणून ओळखला जातो. पण तो दुरुस्तीचा हंगाम संपल्याची खूणही होता. मृग लागण्याआधी होड्या, मचवे, पडाव वर ओढून झापांनी शाकारून ठेवायचे आणि पावसाने उघडीप दिली की सुताराने कामाला लागायचे, असा शिरस्ता होता. कुजलेली फळी काढून नवी बसवायची, फटींत कापूस ठोकून वरून राळ भरायची, बुडाला चुना आणि तेलाचा लेप द्यायचा. लाकूड टिकावे म्हणून उंडीच्या बियांचे तेल चोळायचे. ते तेल घराघरात काढले जाई आणि त्याचा उग्र वास पावसाळाभर किनाऱ्यावर दरवळत असे. पौर्णिमेच्या उधाणाला पाणी वरपर्यंत चढते, म्हणून होडी लोटायलाही तोच दिवस सोयीचा. नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, हळदकुंकू आणि हार, समुद्राला नारळ, मग होडी पाण्यात.

मालवणात आधी सिंधुदुर्ग किल्ल्यावरून मानाचा नारळ सोडला जातो आणि त्यानंतर किनाऱ्यावरचे लोक आपापले नारळ अर्पण करतात. या मिरवणुकीत मच्छीमारांइतकेच व्यापारीही पुढे असतात, आणि त्याला कारण आहे. शिडाची जहाजे मंगळूरची कौले, मीठ, तांदूळ, नारळ घेऊन किनाऱ्याने ये-जा करीत, तेव्हा पावसाळ्यात बंद पडलेले बंदर याच सुमारास उघडत असे. बाजारपेठेचे वर्ष इथून सुरू होई. गलबत धडधाकट असणे ही गरज ते हाकणाऱ्या तांडेलाइतकीच पेढीवर बसणाऱ्यालाही होती.

नव्या जहाजाचा सोहळा वेगळा. पठाण, म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा, मांडताना पूजा, नाळ उभी राहिली की नारळ, आणि पाण्यात लोटण्याच्या दिवशी मिस्त्रीला आहेर. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातले मुख्य बांधकामदार जहाजाच्या पठाणीत चांदीचा खिळा ठोकण्याचा विधी करीत. ब्रिटिश नौदलासाठी बांधलेल्या युद्धनौकांनाही तो खिळा चुकला नाही. १८१७ मध्ये मुंबईत मलबारी सागाच्या लाकडातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे आणि तिथले लोक ती अभिमानाने जपतात. ज्या शहरात ती बांधली, तिथे तिच्या नावाचा सार्वजनिक दिवस नाही. जुन्या सुक्या गोद्या नौदलाच्या बंदिस्त हद्दीत असल्यामुळे सामान्य मुंबईकराला तिथे सहज जाताही येत नाही.

सोपारा, चौल, दाभोळ यांच्या प्राचीन वैभवाचा उल्लेख प्रत्येक भाषणात होतो. आजच्या उत्सवांचा आकार मात्र सतराव्या शतकाच्या भोवती ठरला आहे, आणि वादही तिथलाच आहे.

कल्याणचा दावा असा: २४ ऑक्टोबर १६५७, वसुबारस, या दिवशी शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी, खाडीकिनारी मराठी आरमाराची मुहूर्तमेढ रोवली. म्हणून हा आरमार दिन. मालवणचा दावा सिंधुदुर्गाच्या पायाभरणीचा, म्हणजे २५ नोव्हेंबर १६६४ चा. सरकारी पातळीवर दिवस साजरा होतो तो ४ डिसेंबर, नौदल दिन. शिवाय ५ एप्रिलचा राष्ट्रीय सागरी दिन आहेच. एकाच वारशाला चार तारखा, आणि प्रत्येकीमागे स्थानिक अभिमान उभा असल्याने कुणी मागे हटत नाही.

कल्याणच्या तारखेपासून सुरुवात करू. वसुबारसेला शहर ताब्यात आले, एवढेच त्या दिवसाबद्दल म्हणता येते. त्याच दिवशी जहाजाची पठाण पडली असे मानायला आधार नाही, कारण लाकूड, कारागीर आणि पैसा जमवायला वेळ लागतोच. कल्याण-भिवंडीच्या परिसरात महाराजांची गलबते बांधली जात असल्याचा ठोस समकालीन पुरावा पोर्तुगीजांच्या १६५९ च्या पत्रव्यवहारात सापडतो. जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध वापरण्यासाठी वीस लढाऊ गलबते बांधली जात आहेत, हे पाहून वसईचे पोर्तुगीज अधिकारी अस्वस्थ झाले होते. या कामावर वसईकडचे पोर्तुगीज कारागीर होते, आणि त्यांना फितवून रातोरात परत नेण्यात आले. आरमाराच्या इतिहासातला हा फार मोलाचा प्रसंग आहे असे मला वाटते. परके कारागीर निघून गेल्यावर काम थांबले नाही. ते स्थानिक सुतारांच्या हातांनी पुढे गेले, आणि काही वर्षांतच हे आरमार कर्नाटक किनाऱ्यावरच्या बसरूर बंदरावर चालून गेले. उत्सवाच्या पत्रिकेत या प्रसंगाला एक ओळही मिळत नाही.

यात पंचांगाचा घोळ मिसळतो. २४ ऑक्टोबर ही ज्युलियन कॅलेंडरची तारीख आहे. सतराव्या शतकात ज्युलियन आणि आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरमध्ये दहा दिवसांचा फरक होता, त्यामुळे १६५७ ची वसुबारस आजच्या हिशेबाने ३ नोव्हेंबरला येते. म्हणजे २४ ऑक्टोबरला कार्यक्रम करणारे धड तारखेनेही चालत नाहीत आणि तिथीनेही. शिवजयंतीच्या वादात हे मुद्दे गावोगावी चघळले गेले, आरमार दिनाच्या बाबतीत मात्र त्यांची चर्चा फारशी होत नाही. वसुबारसेच्या संध्याकाळी दुर्गाडीवर पणत्या लावणाऱ्यांची बाजू या बाबतीत भक्कम आहे, कारण त्यांच्याकडे निदान तिथी तरी बिनचूक आहे.

हाच हिशेब मालवणला लावला तर गंमत नव्हे, उपयोगाची गोष्ट हाती लागते. २५ नोव्हेंबर १६६४, मार्गशीर्ष वद्य द्वितीया, ही ग्रेगोरियन कॅलेंडरने ५ डिसेंबर होते. नौदल दिनाच्या दुसऱ्याच दिवशी! डिसेंबर २०२३ मध्ये नौदल दिनाचा मुख्य सोहळा तारकर्ली-मालवणच्या किनाऱ्यावर झाला, पंतप्रधान आले, युद्धनौका आणि विमानांची प्रात्यक्षिके हजारो लोकांनी पाहिली. त्या वेळी आणखी एक दिवस थांबून सिंधुदुर्गाच्या पायाभरणीचा दिवस जोडून घेता आला असता. संधी होती, ती निसटली.

खुद्द ४ डिसेंबरचा जहाजबांधणीशी संबंध किती? १९७१ च्या युद्धात त्या रात्री कराचीवर हल्ला करणाऱ्या क्षेपणास्त्र नौका सोव्हिएत बनावटीच्या होत्या. पराक्रम आपल्या नौसैनिकांचा, त्यात तिळमात्र शंका नाही, पण नौका इथे बांधलेल्या नव्हत्या. ५ एप्रिलचेही तसेच. १९१९ मध्ये त्या दिवशी ‘लॉयल्टी’ हे भारतीय मालकीचे जहाज मुंबईहून लंडनला निघाले, म्हणून तो दिवस. ते जहाज इंग्लंडमध्ये बांधलेले, भारतीयांनी विकत घेतलेले. देशाच्या दोन्ही सागरी दिवसांपैकी एकही इथल्या गोदीतून पाण्यात उतरलेल्या जहाजाचा नाही. आणि जी नारळी पौर्णिमा खरोखर बांधणीच्या हंगामाला जोडलेली होती, तिच्या पायाखालची वाळू वेगळ्याच कारणाने सरकली.

ते कारण पावसाळी मासेमारीबंदीचे. पूर्वी महाराष्ट्रात ही बंदी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत असे. नियमातच सणाची जागा होती. पुढे सगळ्या पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै अशी एकसारखी ६१ दिवसांची मुदत आली. कारणे समजण्यासारखी आहेत. शेजारच्या राज्यातले ट्रॉलर आधी बाहेर पडले तर इथल्या मच्छीमाराचे नुकसान होते, तेव्हा मुदत सगळीकडे सारखी असणे गरजेचे होते. पण परिणाम असा झाला की २०२३ साली अधिक श्रावणामुळे पौर्णिमा ३० ऑगस्टला आली, तेव्हा बंदी उठून महिना होत आला होता आणि कितीतरी होड्या एव्हाना समुद्रात जाऊन आल्या होत्या. नारळ सोडून मग होडी लोटायची हा क्रम उलटला. बंदी १५ ऑगस्टपर्यंत न्यावी अशी मागणी किनाऱ्यावरून वारंवार होते. ती मुख्यतः माशांच्या विणीसाठी आणि वादळी हवामानासाठी आहे, तरी सणाची जुनी वेळ परत मिळावी ही भावनाही तिच्यात आहे.

दरम्यान उत्सवांचा रोख किल्ले, पुतळे आणि युद्धनौकांकडे गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये नौदलाच्या ध्वजावर शिवमुद्रेवरून प्रेरणा घेतलेला अष्टकोन आला. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर नौदल दिनी उभा केलेला पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, आणि त्यानंतर कित्येक महिने किनाऱ्यावरची चर्चा त्या एकाच विषयाभोवती फिरत राहिली. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. त्यातल्या बारा किल्ल्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. कल्याणच्या खाडीकिनारी नौदलातून निवृत्त झालेली ‘टी-८०’ ही नौका आणून ठेवली गेली. हे सगळे स्वागतार्ह आहे. पण किल्ल्यावरून आरमार दिसते, गोदीतून ते घडते, आणि गोदीकडे जाणारी वाट अजून कुणी झाडलेली नाही.

विजयदुर्गाचे उदाहरण घ्या. किल्ल्यापासून थोड्या अंतरावर, वाघोटन खाडीच्या आत, गिर्ये परिसरात खडक फोडून केलेली आरमारी गोदी आहे. शंभर मीटरांहून लांब, अंशतः खडकात कोरलेली, बाकी बांधून काढलेली. भरतीला गुराबे आत घ्यायची आणि ओहोटीला पाणी उतरले की दुरुस्ती करायची, अशी तिची रचना. दोन-तीन डोलकाठ्यांची गुराबे आणि त्यांना ओढून नेणारी, वल्ह्यांची वेगवान गलबते आंग्र्यांच्या काळात इथे सज्ज होत. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी पेशव्यांशी हातमिळवणी करून विजयदुर्गावर हल्ला केला आणि आंग्र्यांचे आरमार जाळले. पेशव्यांच्या या निर्णयावर आजही वाद होतो, आणि तो व्हायलाच हवा, कारण त्या आगीत जहाजांबरोबर एका पिढीची कारागिरी होरपळली. पुढे पेशव्यांच्या वतीने धुळपांनी विजयदुर्गावरूनच आरमार चालवले आणि १७८३ मध्ये इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पकडून आणले, म्हणजे गोदी मेली नव्हती. विजयदुर्गावर दरवर्षी १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची आठवण म्हणून तो चांगला आहेच. त्याच गावात गोदीच्या नावाचा मात्र एकही दिवस नाही.

लाकडाचा विषय तर उत्सवांतून पार हरवला आहे. मराठ्यांच्या राज्यकारभाराविषयीच्या ‘आज्ञापत्र’ या ग्रंथात आरमाराच्या प्रकरणात लाकडाविषयी स्पष्ट सूचना आहे: साग वगैरे अरण्यातून परवानगीने तोडावा, पण रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे लोकांनी लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे. ही आज्ञा पर्यावरण दिनाच्या भाषणांत हमखास उद्धृत होते. ती मुळात जहाजबांधणीच्या तरतुदीची आहे हे तिथे क्वचितच सांगितले जाते.

आज किनाऱ्यावर नवी होडी बहुधा फायबरची असते. साचा तयार असला की ती झटपट होते, किडत नाही, तिला दरसाल कापूस-राळ लागत नाही. सागाचे भाव आणि तोडीचे नियम पाहता मच्छीमाराने फायबर निवडला तर त्याला दोष देता येत नाही. पण त्यामुळे पट्टी-आराखड्याशिवाय, नुसत्या नजरेने वाकाचा, म्हणजे जहाजाच्या फासळीचा, बाक ठरवणारे मिस्त्री हातावर मोजण्याइतके उरले. त्यांची मुले इतर कामधंद्याला लागली.

या पार्श्वभूमीवर ‘कौंडिण्य’चा प्रयोग महत्त्वाचा ठरतो. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून स्फूर्ती घेऊन, खिळे न वापरता काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधलेले हे जहाज गोव्यात तयार झाले, फेब्रुवारी २०२५ मध्ये पाण्यात उतरले आणि मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झाले. शिवणकाम केरळच्या कारागिरांनी केले, कारण ती विद्या तिथे अजून हातात होती. कोकणची ओळख असलेली खिळ्यांची आणि खाचेत बसवलेल्या फळ्यांची बांधणी अजून पूर्ण विसरली गेलेली नाही. तसे एखादे गलबत बांधायला घ्यायचे तर मिस्त्री मिळतील, लाकूड परवानगीने मिळेल आणि वाघोटन खाडीतल्या गोदीपर्यंत भरतीचे पाणी आजही येते. वसुबारसेला पठाण मांडून पुढच्या नारळी पौर्णिमेच्या उधाणाला ते लोटता येईल.