‘पाण्यात विरघळणारं’ सिलिकोन : बाटलीवरच्या एका शब्दाची पार्श्वभूमी

आधी नावाचा गुंता. वाळूत, काचेत आणि संगणकाच्या चिपमध्ये असतं ते मूलद्रव्य सिलिकॉन. शाम्पू, कंडिशनर आणि सीरममध्ये असतं ते सिलिकोन, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या साखळीला कार्बनी गट जोडून बनवलेला बहुवारिक (पॉलिमर). मराठीत दोन्हींना सर्रास ‘सिलिकॉन’च म्हटलं जातं. त्यामुळे ‘वाळूतलंच आहे, नैसर्गिक आहे’ आणि ‘प्लॅस्टिक आहे, डोक्याला लावू नका’ हे दोन्ही दावे एकाच शब्दाच्या आधाराने उभे राहतात. दोन्ही चूक आहेत. पुढे सगळीकडे सिलिकोन हाच शब्द वापरला आहे.

हे नावही चुकीतूनच आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉटिंगहॅममधल्या एका रसायनशास्त्रज्ञाला वाटलं की या पदार्थांची रचना कीटोन नावाच्या कार्बनी संयुगांसारखी आहे, म्हणून त्याने तसं नाव दिलं. रचना वेगळी निघाली, नाव राहिलं. दुसऱ्या महायुद्धात उंचावर उडणाऱ्या विमानांच्या इंजिनांसाठी सिलिकोनचं ग्रीस वापरलं गेलं आणि १९५० च्या दशकात ते त्वचेच्या क्रीममध्ये आलं.

केसांच्या दृष्टीने खरा टप्पा १९८७ चा. त्या वर्षी अमेरिकेत शाम्पू आणि कंडिशनर एकाच बाटलीत देणारं उत्पादन मोठ्या प्रमाणावर विकायला आलं. अडचण उघड होती. तेल काढून टाकणारा फेस कंडिशनरही धुऊन टाकणार. त्यावर पुढे रूढ झालेला उपाय असा की सिलिकोनचे सूक्ष्म थेंब शाम्पूत तरंगत ठेवायचे आणि सोबत धन प्रभाराचा (विद्युतभाराचा) एक बहुवारिक घालायचा. फेस करताना तो विरघळलेला असतो. वरून पाणी पडलं, शाम्पू पातळ झाला, की तो साका होऊन खाली बसतो आणि जाताना सिलिकोनचे थेंब केसावर सोडतो. म्हणजे धुताना नाही, विसळताना काम होतं. हा बहुवारिक बऱ्याच शाम्पूंमध्ये गवारीच्या बियांच्या डिंकापासून बनवलेला असतो आणि जगातली बहुतांश गवार राजस्थान आणि आसपासच्या भागात पिकते. ‘सगळं परदेशी रसायन’ म्हणून ज्या बाटलीकडे बोट दाखवलं जातं तिच्यात आपली गवार असते, हे सांगायला मला आवडतं.

आपल्याकडे हे शाम्पू १९९० च्या दशकात आले तेव्हा तमिळनाडूतून निघालेल्या छोट्या पुड्यांनी शाम्पू गावोगावी आधीच पोचवला होता. रात्री खोबरेल तेल आणि सकाळी शिकेकाई-रिठ्याने न्हाणं अशी ज्या घरांची रीत होती, तिथे ओल्या केसांतून कंगवा न अडकता खाली येणं हा अनुभव नवा होता.

पण सगळ्यांना तो सारखा आला नाही, आणि याचं कारण केसाच्या पृष्ठभागात आहे. केसावरच्या खवल्यांवर मुळातच चरबीचा एक अतिशय पातळ थर रासायनिक बंधाने जोडलेला असतो. तो पाणी झटकतो. ब्लीच, कायमचा रंग, स्ट्रेटनिंगची अल्कधर्मी क्रीम यांनी हा थर निघून जातो आणि त्या केसावर परत येत नाही. मग केसाचा पृष्ठभाग पाणी ओढून घेतो आणि तिथला ऋण प्रभार वाढतो. डायमेथिकोन हे सगळ्यांत साधं सिलिकोन तेलकट असल्याने न बिघडलेल्या केसावर छान बसतं, ब्लीच केलेल्या केसावर कमी. जिथे गरज जास्त तिथेच ते तोकडं पडतं. यावर अमोडायमेथिकोन आलं. त्याच्या साखळीवर अमाइन गट असतात, कंडिशनरच्या किंचित आम्लतेत त्यांना धन प्रभार येतो आणि ते नेमके बिघडलेल्या जागी ओढले जातात. तिथला प्रभार झाकला गेला की पुढच्या थराची ओढही कमी होते.

केसांच्या प्रकारांची १ ते ४ आकडे आणि क-ख-ग सारखी अक्षरं लावणारी जी पद्धत आज सगळीकडे दिसते, ती १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या एका केशरचनाकाराने मांडली. ती फक्त वळण सांगते. केस जाड की बारीक, बिघडलेला की शाबूत, हे ती सांगत नाही. मराठीत भर म्हणून ‘पातळ केस’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. डोक्यावर केस कमी असणं वेगळं, आणि एकेक केस बारीक असणं वेगळं. सिलिकोनचा विचार करताना दुसरा अर्थ महत्त्वाचा. बारीक सरळ केस थोड्याशा थरानेही चप्प बसतात, वेव्ही केसांची लाट वजनाने उघडते. कुरळ्या केसांत मात्र केसाला केस घासून होणारा गुंता सिलिकोनने खरोखर कमी होतो. जाड, रंगवलेल्या केसांनाही ते मानवतं.

आणि तरीही ‘कुरळ्या केसांना सिलिकोन विष’ हा समज पक्का झाला. त्याचा उगम २००१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका केशरचनाकार बाईंच्या पुस्तकाने लोकप्रिय केलेल्या पद्धतीत आहे. तिची मूळ मांडणी सुसंगत होती. टाळूचं तेल कुरळ्या केसाच्या टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून तो कोरडा. सल्फेटचा, म्हणजे जोरदार फेस करून तेल काढणाऱ्या घटकाचा, कडक शाम्पू तो आणखी कोरडा करतो, म्हणून सल्फेट बंद. सल्फेट बंद केलं की सिलिकोन नीट निघणार नाही, म्हणून सिलिकोन बंद. सिलिकोनवरची बंदी ही सल्फेटवरच्या बंदीच्या मागून आली होती. पुढे हा दुवा तुटला. सल्फेटच्या शाम्पूने आठवड्यातून दोनदा न्हाणाऱ्या मुलीही सिलिकोन टाळू लागल्या. त्या केसांवर थर साचण्याचं कारणच उरलेलं नसतं, आणि गुंता सोडवणारी एक चांगली वस्तू त्यांच्या हातून जाते.

मग आला तो शब्द, ज्याने सगळ्यांत जास्त घोटाळा केला : ‘पाण्यात विरघळणारं’. पूर्ण बंदी जाचक वाटणाऱ्यांनी सिलिकोनांच्या दोन याद्या केल्या. विरघळणारी चालतील, न विरघळणारी नाहीत. लेबलवर नावाच्या शेवटी ‘कोन’, ‘कोनॉल’ किंवा ‘सिलोक्सेन’ दिसलं की नकार, आधी ‘पेग’ (PEG, पाण्याशी जुळणाऱ्या साखळीची खूण) असेल तर होकार. पेग-१२ डायमेथिकोनसारख्यांबाबत ही यादी बरोबर आहे, ती खरोखर पाण्यात विरघळतात. विसळून टाकायच्या उत्पादनात त्यांचा बराचसा भाग पाण्याबरोबर निघूनही जातो, म्हणून त्यांचा गुळगुळीतपणा कमी टिकतो. सायक्लोपेंटासिलोक्सेन मात्र न विरघळणाऱ्यांत टाकलं गेलं आणि तिथे प्रश्नच चुकीचा होता. ते पाण्यात विरघळत नाही हे खरं, पण ते हवेत उडून जातं. सीरम बोटांवर घेतल्यावर हलकं वाटतं आणि थोड्या वेळात ‘मुरतं’, ते मुरत नसतं, उडत असतं. मागे राहतं ते त्यात विरघळवलेलं डायमेथिकोनॉल, हे न उडणारं सिलिकोन.

सगळ्यांत वादग्रस्त ठरलं अमोडायमेथिकोन. कारखान्याला ते बऱ्याचदा तयार इमल्शन म्हणून मिळतं, त्यात सोबत ट्रायडेसेथ-१२ आणि सेट्रिमोनियम क्लोराइड असतात. यातून एक नियम रूढ झाला : लेबलवर ही तिन्ही नावं एकत्र दिसली तर ते अमोडायमेथिकोन ‘विरघळणारं’ समजावं, एकटं असेल तर नाही. कित्येकींनी या नियमावर विसंबून कंडिशनर निवडले, फक्त को-वॉश करत (म्हणजे शाम्पूऐवजी कंडिशनरनेच केस धूत) राहिल्या आणि दोन-तीन महिन्यांनी केस निबर, ओढलेले वाटू लागले तेव्हा स्वतःच्या केसांना दोष दिला. नियम चुकीचा होता. इमल्शन म्हणजे विरघळणं नव्हे, मिसळून राहणं. दुधातली चरबी पाण्यात विरघळलेली नसते, तरी दुधात सहज पाणी मिसळतं. पण दुधाचं पातेलं नुसतं विसळून त्याचा ओशटपणा जात नाही. तसंच हे. इमल्शन पाण्यात सहज मिसळतं कारण बाकीचे दोन घटक थेंबांना सांभाळतात. केसावर थेंब बसला, पसरला आणि वाळला की ते दोघे त्याला परत पाण्यात नेतील याची काही खात्री नसते. थर फेसाने निघतो. त्यासाठी सल्फेटच हवं असंही नाही. नारळाच्या तेलापासून बनणारं कोकामिडोप्रोपिल बेटेन सौम्य शाम्पूंमध्ये असतं आणि तेही तेलकट थर उचलतं. म्हणून विचारायचं ते एवढंच : तुमचा केस बारीक आहे की जाड, बिघडलेला आहे का, आणि तुम्ही फेसाने किती वेळा न्हाता?

आपल्याकडे याद्या पोचल्या त्या गेल्या आठ-दहा वर्षांत, भ्रमणध्वनीवरून, आणि इथे त्यांना दोन गोष्टी नव्याने भेटल्या. एक खोबरेल तेल. मुंबईतल्या तेल विकणाऱ्या एका कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं की न्हाण्याआधी लावलेलं खोबरेल केसातली प्रथिनं धुऊन जाणं कमी करतं, सूर्यफुलाचं आणि खनिज तेल तसं करत नाहीत. निष्कर्ष कंपनीच्या सोयीचा असला तरी कारण पटण्यासारखं आहे : खोबरेलाचे रेणू केसाच्या आत शिरतात. सिलिकोन शिरत नाही, ते बाहेर राहून घर्षण कमी करतं. ही दोघं एकमेकांच्या जागी बसवण्याचा आग्रह मला निरर्थक वाटतो. दुसरी गोष्ट बोअरचं जड पाणी. त्यातलं कॅल्शियम केसावर बसतं, केस राठ आणि निस्तेज होतो, आणि दोष जातो सिलिकोनवर.

‘युरोपने सिलिकोनवर बंदी घातली’ हा निरोपही याच काळातला. प्रत्यक्षात ३१ जानेवारी २०२० पासून तिथे विसळून टाकायच्या उत्पादनांत दोन चक्रीय (कड्यासारखा रेणू असलेल्या) सिलिकोनांवर, डी-४ आणि डी-५ यांवर, वजनाच्या ०.१ टक्क्याची मर्यादा आली. सायक्लोपेंटासिलोक्सेन म्हणजेच डी-५. कारण केस नव्हते, पाणी होतं. हे रेणू जलाशयांत दीर्घकाळ टिकतात. कॅनडाने २००९ मध्ये दोन्हींना पर्यावरणाला घातक ठरवलं होतं, पण २०११ मध्ये तिथल्याच फेरतपासणी मंडळाने डी-५ धोकादायक नसल्याचा निष्कर्ष काढला. युरोपने तो मानला नाही. डायमेथिकोन आणि अमोडायमेथिकोन यांवर अशी मर्यादा आलेली नाही.

२०२४ च्या युरोपच्या नव्या नियमाने याच कुळातल्या डी-६ ची भर पडली आणि जून २०२७ पासून केसांत ठेवायच्या सीरमलाही तीच मर्यादा लागू होते आहे. म्हणून सीरमच्या लेबलवर सायक्लोपेंटासिलोक्सेनच्या जागी आयसोडोडेकेनसारखे उडून जाणारे हायड्रोकार्बन दिसू लागले आहेत. त्यांच्यात विरघळवलेलं डायमेथिकोनॉल तेच आहे, आणि हायड्रोकार्बन उडून गेल्यावर केसावर राहणारा थरही तोच.